चाचणीचा नंबर

मराठी ॲप्स अलीकडे फार सभ्य झाली होती. इतकी, की निनाद पाटणकरला त्यांचा वीट आला होता.

"सकाळी रिक्षा मागवायला गेलो," केतकीच्या टेबलाशी खुर्ची ओढत तो म्हणाला. "ॲप म्हणतं, सावकाश सांगा, घाई नाही. मी म्हटलं, मला आहे. तर म्हणतं, बरं, आधी चष्मा लावून घ्या, मी थांबतो."

केतकीला हसू आवरेना. निनादला जन्मापासून दिसत नव्हतं. त्यावरून केलेले विनोद त्याला चालत, फक्त ते त्याच्या स्वतःच्या विनोदांपेक्षा बरे असावेत एवढीच अट होती.

"हस! तुझं काय जातंय? आणि बोलणं कसं, तर एकेक अक्षर चावून चावून. वेग वाढव म्हटलं की एक वाक्य वाढवतं आणि पुढच्याला परत रांगायला लागतं. अगं, मी काय त्याचा पणजोबा आहे?"

निनाद पडद्यावरचा मजकूर कानांनी वाचायचा, आणि तोही अशा वेगानं की शेजारच्याला नुसती गुणगुण ऐकू यावी. पुण्यातल्या त्या कंपनीत तो विभागप्रमुख होता आणि केतकी नलवडे त्याच्या विभागातली सगळ्यांत जुनी. जुनी म्हणजे चाळिशीची. पण स्वतःच्या हातानं ॲप लिहिलेली माणसं आता शोधूनच काढावी लागत, त्यामुळे ऑफिसातली पोरं तिच्याकडे जरा पुराणवस्तू पाहिल्यासारखीच पाहायची.

ॲप्स आता विणली जात. तुम्ही फोनला किंवा संगणकाला सांगायचं, सोसायटीत पाण्याच्या टँकरची पाळी लावणारं काहीतरी हवंय, आणि 'विणकर' नावाची यंत्रणा तिथल्या तिथे तसं ॲप विणून हातात द्यायची. काम झालं की ॲप उसवून टाकायचं. विणकरांना हे कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं, ते वाचून शिकले होते. माणसांनी इतक्या वर्षांत लिहून ठेवलेला कोड, त्याचे सुटे तुकडे, 'असं करा, तसं करू नका' अशा सूचना, हे सगळं त्यांनी वाचलं आणि कुठल्या तुकड्यानंतर कुठला तुकडा येतो याची सवय लावून घेतली. सवय हाच नेमका शब्द. विणकराला कारण ठाऊक नसतं. चार ठिकाणी कुकरला तीन शिट्ट्या लिहिलेल्या दिसल्या की तो तीन शिट्ट्या करतो, डाळ कुठली ते विचारत नाही.

कारण शोधायचं काम केतकीचं होतं.

"दोन गोष्टी आहेत," निनाद म्हणाला. "कन्नड विणकर बघ, गुजराती बघ, चुटकीसरशी ॲप देतात. आपला मराठी सगळं विणून झाल्यावर शेवटच्या पायरीवर अडून बसतो. कधी चहा होईपर्यंत, कधी दुपारभर. आणि दुसरं म्हणजे, मराठी ॲप्सबद्दल म्हाताऱ्या माणसांची एक तक्रार नाही. एकसुद्धा नाही! मला वाटतं, दोन्हींच्या मागे एकच भानगड आहे. काढ शोधून."

केतकीच्या घरी त्याच आठवड्यात दुसरी भानगड चालू होती. तिचं नाव शैलाआत्या.

शैलाआत्या म्हणजे केतकीच्या वडिलांची थोरली बहीण. कराडात एकटी राहायची. तिनं लग्न केलं नाही, शिवणक्लास चालवला. गावातल्या कितीतरी बायका तिच्या हाताखाली ब्लाउज बेतायला शिकल्या, आणि केतकीच्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्या क्लासातल्या चिंध्यांत लोळण्यात गेल्या. पुढे तयार कपडे आले, मग घरबसल्या माप घेऊन कपडे पाठवणारी दुकानं आली, आणि क्लास आपोआप मिटला. आता आत्यानं पुण्याला यावं असा अप्पांनी, म्हणजे केतकीच्या वडिलांनी, घोषा लावला होता. आत्या दाद देत नव्हती.

"मला वेळ कुठंय?" ती म्हणायची. "दिवसभर फोन चालू असतात माझे."

"हिला कोण करतंय एवढे फोन?" अप्पा केतकीला म्हणाले. "एक तर कुणीतरी तिला गंडवतंय, नाहीतर तिला भास व्हायला लागलेत. मी स्पष्टच विचारलं. तर म्हणाली, ज्या दिवशी फोन यायचे बंद होतील, त्या दिवशी पिशवी भरून येते पुण्याला. शब्द दिलाय तिनं. तू बोलून बघ."

केतकीनं फोन लावला. तो सारखा गुंतलेला. अखेर लागला तेव्हा आत्या म्हणाली, "थांब हं केतू, गॅस बंद करून येते."

केतकीची मीटिंग तोंडावर आली होती. "राहू दे आत्या, नंतर करते," म्हणून तिनं फोन ठेवला. हे नेहमीचंच होतं. आणि नंतर करायचं राहून जायचं, हेही.

विणकराच्या शेवटच्या पायरीचा माग काढायला केतकीला सकाळ पुरली. पायरीचं नाव होतं 'माणसाला विचारा'. ॲप विणून झालं की विणकर एका नंबरावर फोन लावायचा, ॲपच्या आवाजात बोलायचा, आणि पलीकडचा माणूस शेवटपर्यंत बोलत राहिला तर ॲप पास. त्यानं मध्येच फोन ठेवला तर नापास, परत विणायचं. नंबर एकच होता. केतकीनं तो पडद्यावर पाहिला आणि पुढचे आकडे वाचायची तिला गरजच पडली नाही. आयुष्यात तिला पाठ असलेला तो एकमेव नंबर होता.

हे कसं झालं असेल ते कळायला तिला फार डोकं लढवावं लागलं नाही. हाताने कोड लिहायच्या दिवसांत ती 'टाचण' नावाचं संकेतस्थळ चालवायची. मोबाईल आणि संगणकासाठी ॲप बनवणाऱ्यांना रोजच्या उपयोगाच्या सूचना, सोबत उचलून वापरता येईल असा कोडचा तुकडा, आणि सगळं मराठीत. बटण दाबलं की काम होईपर्यंत ते झोपवून ठेवा, नाहीतर माणूस अधीर होऊन दाबत बसतो आणि एकाच्या जागी चार तिकिटं निघतात. फोन आडवा केला म्हणून अर्धवट भरलेला मजकूर पुसला जाता कामा नये. संगणकावरची खिडकी बारीक केली तर अक्षरं खाली सरकवा, कापू नका. काही पुसून टाकायचं असेल तर आधी नुसतं लपवा, कारण माणसाचा विचार बदलतो.

त्यातच एक टाचण होतं, 'ॲपमधून चाचणी कॉल कसा लावावा'. नमुन्यादाखल एक नंबर हवा होता. नमुन्याचा नंबर मेलेला असावा, उगाच कुणाच्या घरी खणखणू नये, हा या धंद्यातला शिष्टाचार. आत्याच्या घरचा जुना नंबर तेव्हा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. केतकीनं तोच घातला. खाली नमुन्याचं वाक्य लिहिलं, 'नमस्कार, चाचणी कॉल आहे. ऐकू येतंय का?' आणि वर ठळक सूचना दिली, 'इथे स्वतःचा नंबर घाला.'

कुणीही घातला नाही. कोड उचलणारा सूचना वाचत नाही, तो कोड उचलतो. मराठीतल्या कितीतरी ॲप्समध्ये तो नंबर जसाच्या तसा गेला, पुष्कळांत तर 'इथे स्वतःचा नंबर घाला' ही ओळसुद्धा त्याच्याबरोबर गेली. नंबर मेलेला असल्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. मग विणकर आले. मराठीत ॲप बनवण्याबद्दलचं लिखाण मुळात मूठभर, त्यात माणसाला फोन करून विचारायला शिकवणारं हे एकच. मराठी विणकराला सवय लागली की ॲप झालं की या नंबरावर विचारायचं असतं. फोन लागत नव्हता तोवर तो ही पायरी ओलांडून पुढे जायचा.

आणि मग जुने नंबर परत मिळण्याची सोय निघाली. आत्यानं लगोलग आपला मागून घेतला, कारण ओळखीच्या सगळ्यांना तोच माहीत होता. फोन लागायला लागला. आत्या एकाशी बोलत असली की बाकीचे विणकर रांगेत उभे. तिला काय पटलं आणि काय नाही, हे एकाला कळलं की सगळ्यांना कळायचं.

केतकीनं हे सगळं निनादला सांगितलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "चष्मा तुझी आत्या विसरते, आणि ॲप शोधायला लावतं मला?"

"नंबर काढायला हवा."

"हवाच. पण त्याआधी मला या बाईंना भेटायचंय."

शनिवारी दोघं कराडला गेले. वाटभर केतकीच्या डोक्यात एकच घोळत होतं. नंबर काढला की फोन बंद, आणि फोन बंद झाले की आत्याला पिशवी भरावी लागणार. आत्या शब्दाची पक्की होती, तीच तर पंचाईत होती.

दार उघडंच होतं. शिलाई मशीनच्या फळीवर फोन ठेवून आत्या समोर बसली होती.

"नमस्कार, चाचणी कॉल आहे. ऐकू येतंय का?" फोन म्हणाला.

"येतंय की. कशाचं आहेस तू?"

"मी डॉक्टरांची वेळ ठरवून देणारं ॲप आहे. काय त्रास होतोय ते सांगा."

"सांगते, पण जरा थांब. दारात केतू आलीय माझी, पाहुणे हायेत संगं. चहा टाकते."

"बरं. मी थांबतो."

आत्यानं निनादला हाताला धरून खुर्चीशी नेलं, त्याच्या घराण्याची चौकशी केली, चहा टाकला, गाळला, कप हातात दिले. ॲप थांबलं होतं. मग आत्यानं त्याला गुडघ्याचं दुखणं पहिल्यापासून सांगितलं. ते अर्ध्यावर आलं असताना ॲपनं मध्येच 'हाडांचे डॉक्टर, मंगळवार चालेल का' असं विचारलं.

"नापास," आत्या म्हणाली. "माणसाचं बोलणं पुरं होऊ दे की. जा, परत ये." आणि तिनं फोन ठेवला.

"आत्या," केतकीनं जपून सुरुवात केली, "हे फोन करतात ना, ती माणसं नाहीत. मशीन आहेत."

"मग? मला काय कळत न्हाई व्हय? पहिल्याच दिवशी कळलं. माणसं एवढं ऐकून घेतात का कधी? मी गॅस बंद करायला गेले तरी थांबतात बिचारी."

केतकीनं मान खाली घालून चहा प्यायला. बोलणं तिला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

"एखादं घाईघाईनं बोलतं, त्याला मी घालवून देते," आत्या निनादला सांगत होती. "दुसऱ्या दिवशी येतं ते शिकून येतं. पोरींना शिकवायचे तसंच की! क्लास मिटल्यापासून माझ्याकडं कुणी काही शिकायला आलंच नव्हतं हो. लई बरं वाटतं."

"आत्या, तुमचा एक नापास विद्यार्थी मीपण आहे," निनाद म्हणाला. "एक ऐकता का?" त्यानं खिशातून फोन काढून त्याच्या नेहमीच्या वेगानं एक निरोप लावला.

"अगंबाई! मिक्सर लावला का काय?"

"माझ्या बहिणीचा निरोप आहे. मला अक्षरन्अक्षर कळला. म्हणतेय, कराडला गेलाच आहेस तर येताना कृष्णाकाठची वांगी आण. आणि मागच्यासारखी किडकी आणू नकोस."

आत्याचा विश्वास बसेना. तिनं तोच निरोप हळू लावायला सांगितला, वांगी आणि किडकी दोन्ही ऐकली, मग त्याला आणखी दोन निरोप लावायला लावले आणि तिन्ही वेळा टाळी वाजवली.

"काय कान हायेत बाई! मग तुझी ती ॲप्स अशी का नाहीत बोलत तुझ्याशी?"

निनाद एरवी कुठल्याही गोष्टीवर विनोद करायचा. आत्ता त्यानं केला नाही.

"कारण तशी बोलली की तुम्ही त्यांना नापास करता, आत्या. आणि मराठीतल्या सगळ्या ॲप्सची परीक्षा तुम्ही एकट्याच घेता."

केतकीनं मग तिला सगळं सांगितलं. टाचण, मेलेला नंबर, सवय, सगळं. आत्यानं गळ्यातली माप घ्यायची फीत काढली आणि बोटांभोवती गुंडाळत बसली.

"पहिल्या दिवशी पोरींना सांगायचे," ती म्हणाली, "आधी माप घ्या, मग कात्री लावा. शेजारणीच्या मापाचं पोलकं तुम्हाला बसत नसतं. आणि मीच बघ, माझ्या एकटीच्या मापावर साऱ्या गावाची पोलकी बेतत बसले."

"तुझी काय चूक त्यात?"

"चूक कुणाची का असेना, उसवायला पाहिजे. काढ माझा नंबर."

"आणि अप्पांना दिलेला शब्द?"

"ठाऊक आहे मला. भरीन पिशवी." आत्यानं खोलीभर नजर फिरवली. शिलाई मशीनवर, खिडकीतल्या तुळशीवर, फोनवर. "वाईट एवढंच वाटतं, की इथं मला दिवसातनं दहादा कुणीतरी विचारतं, ऐकू येतंय का म्हणून. पुण्यात तुम्ही सगळी कामावर जाणार."

केतकीनं लॅपटॉप उघडला. विणकर अजूनही पुन्हा पुन्हा वाचत ते टाचणाचं जुनं पान काढलं, नंबराशी आली. तेवढ्यात फोन वाजला. आत्यानं उचलला नाही. तो वाजत राहिला आणि तिघं ऐकत राहिली. केतकीचं बोट काही हलेना. आत्याला या घरातून आपण उठवतोय, या विचारानं तिला रडू यायला लागलं.

"थांब गं," निनाद म्हणाला. "नंबर काढून काय होणार? मग विणकर माणसाला विचारणारच नाही. यंत्रानं विणायचं आणि यंत्रानंच पास करायचं. त्यापेक्षा चष्मा लावायला सांगणारं परवडलं. इथे नंबर आहे हा घोटाळा नाहीये, केतकी. एकच आहे, हा घोटाळा आहे."

केतकीनं आत्याच्या हातातल्या फितीकडे पाहिलं.

"आत्या," ती डोळे पुसत म्हणाली, "क्लासच्या तुझ्या पोरींचे फोन नंबर असतील?"

"पोरी कसल्या, आज्या झाल्यात त्या. आहेत की!"

दुपारभर तिघं खपली. जिथे एक नंबर होता तिथे केतकीनं खूप नंबरांची जागा केली आणि दर वेळी त्यातला वेगळा माणूस निवडला जाईल असं केलं. फोन लागला की विणकरानं आधी विचारायचं, तुमच्याशी कसं बोलू? हळू की भरभर? आणि मग त्या माणसाच्या मापानं परीक्षा द्यायची. आत्यानं अट घातली की यादीत घालायच्या आधी ज्याला त्याला विचारायचं, आणि एकेकीला फोन लावून तिनं स्वतःच विचारलं. पहिलं नाव निनादनं स्वतःचं दिलं. त्याच्या ओळखीचा ट्रक चालवणारा एक जण आला, आत्याच्या क्लासातल्या बायका आल्या, त्यांच्या कॉलेजातल्या नाती आल्या.

राहिली ती सूचना. 'चाचणी एकाच माणसावर करू नका' असं वर ठळक लिहून केतकी थांबली. हे कोण वाचणार होतं? मग तिनं सूचना कोडातच घातली. नंबर एकच असेल तर तो तुकडा चालायलाच नकार देणार होता. ज्याला उचलायचाय त्यानं खुशाल उचलावा.

टाचणाला नाव आत्यानं सुचवलं: 'आधी माप घ्या'.

विणकरांनी ते वाचलं आणि त्यांना नवी सवय लागली. पुढच्याच आठवड्यात निनाद ऑफिसात आला तो शीळ घालत. "रिक्षाचं ॲप काय बोललं माहितीये? मलासुद्धा नीट कळलं नाही! 'हळू बोल' म्हणावं लागलं. काय सुख असतं गं!"

कराडला फोन कमी झाले. दिवसाला एखाद-दुसरा, कधी तेवढाही नाही. अप्पांनी ताबडतोब विचारलं, मग कधी येतेस? आत्या म्हणाली, "शब्द फोन बंद होण्याचा होता. कमी झालेत, बंद कुठं झालेत?" शिवाय तिला आता खरंच वेळ नव्हता. क्लासातल्या बायकांना आपापल्या घरी एकटीनं परीक्षा घ्यायला कंटाळा येई, म्हणून त्या दुपारी आत्याकडे जमू लागल्या. एकीचा फोन वाजला की सगळ्या कान देत आणि पास की नापास यावरून भांडत. भांडता भांडता कुणीतरी मशीनला तेल घातलं, आणि मग कुणाच्या तरी नातीचं पोलकं बेतायला निघालं.

एके दिवशी केतकी मीटिंगमध्ये असताना तिचा फोन थरथरला. आत्या.

"नमस्कार," पलीकडून आत्या यंत्रासारखा आवाज काढत म्हणाली. "चाचणी कॉल आहे. ऐकू येतंय का?"

"आत्या, मीटिंगमध्ये आहे गं," केतकी कुजबुजली. "नंतर करते."

"नापास," आत्या म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

केतकी हातातल्या फोनकडे पाहत राहिली. टेबलापलीकडे निनाद मान वर न करता हसत होता. त्याच्या कानांना सगळं ऐकू गेलं होतं.

"जा," तो म्हणाला. "नापास झालं की परत जायचं असतं."

केतकी उठून बाहेर जिन्यात आली. नंबर तिला पाठच होता.

"नमस्कार, चाचणी कॉल आहे," ती म्हणाली. "ऐकू येतंय का?"

"येतंय की. थांब हं केतू, गॅस बंद करून येते."

फोन फळीवर ठेवल्याचा आवाज झाला. आत कुठंतरी बायका हसत होत्या, मशीन चालू होतं. केतकी जिन्याच्या पायरीवर बसली, आणि थांबली.